ड्रायव्हरचा वेळ फुकट नसतो, डॉक्युमेंटरीच्या बजेटमध्ये तो धरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात मीडियाचं शिकतेय, शेवटचं वर्ष आहे, आणि आमचा ग्रुप सध्या टॅक्सी ड्रायव्हर लोकांवर डॉक्युमेंटरी करतोय. अजून कॅमेरा बाहेर काढलेला नाहीये, नुसतं फिरणं, बोलणं, वहीत लिहिणं चाललंय, पण एवढ्यातच एक गोष्ट इतकी स्पष्ट झालीय की ती शहरातल्या सगळ्या मीडिया कॉलेजांपर्यंत पोचावी असं वाटतं म्हणून हे पत्र. ड्रायव्हरची कमाई म्हणजे त्याचा वेळ. त्याच्यावर फिल्म करायची तर त्या वेळेचे पैसे द्यायला पाहिजेत, आणि प्रोजेक्टच्या बजेटमध्ये ते पहिल्या ओळीत लिहायला पाहिजेत, कॅमेऱ्याच्या भाड्याच्याही आधी.

टॅक्सीवर फिल्म म्हटलं की सगळ्यांना मुंबईची काळी-पिवळी पद्मिनीच आठवते. ती गोष्ट मोठी आहेच, शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत रजिस्टर झाली आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा फोटोंचा पूर आला होता. पण पुण्यात रोजच्या जाण्यायेण्याला टॅक्सी नव्हतीच, रिक्षा होती. आपली जुनी टॅक्सी म्हणजे स्टेशनसमोरून सीटवर भरून दादरला जाणारी, आणि आजची म्हणजे पिवळ्या नंबरप्लेटची पांढरी गाडी, सगळ्या सारख्याच दिसतात, कुणी वळूनसुद्धा बघत नाही. पेपरात हे लोक येतात ते बंद असला, भाडेवाढ असली, नाहीतर गुन्हा घडला तर. बाकीच्या दिवसांचं काय, हेच आम्हाला दाखवायचंय.

आता वेळेचं बोलते. वरून सगळे ‘कॅबवाले’ दिसत असले तरी हिशोब प्रत्येकाचा वेगळा असतो. एकाची गाडी स्वतःची पण बँकेचा हप्ता डोक्यावर, दुसरा मालकाची गाडी चालवतो आणि मालकाला रोजचे ठरलेले पैसे देऊन उरेल ते त्याचं, तिसऱ्यानं हिंजवडीच्या कंपनीला व्हेंडरमार्फत, म्हणजे ठेकेदारामार्फत, गाडी अटॅच केलीय, त्याचं पेमेंट महिन्यानं येतं पण रात्रीची ड्युटी. चौथा स्टेशनच्या लाइनीत उभा, त्याचा नंबर गेला तर परत मागून सुरुवात. हे चौघं आपल्याशी एक तास बोलले तर चौघांचं नुकसान वेगवेगळं होतं, आणि कुठल्या वेळी कमी होतं हे आधी समजून घेणं म्हणजेच आमच्या मते निम्मं प्लॅनिंग. संध्याकाळी सहाला ऑफिस सुटायच्या वेळी कुणालाही थांबवायचं नाही हे आमच्या वहीत पहिल्या पानावर आहे.

आणि जे वाचून कळतं ते त्यांना विचारत बसायचं नाही, कारण तोही त्यांचाच वेळ. पुण्यात एसी टॅक्सीचा सरकारी दर पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढे किलोमीटरला २५ रुपये असा २०२४ च्या सुरुवातीला ठरला होता. ॲपवाल्या कंपन्यांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २०२० ला आली, मग २०२५ ला नवीन आली, त्यात स्वतःची गाडी असेल तर भाड्यातले किमान ८० टक्के ड्रायव्हरला मिळावेत असं लिहिलंय. एवढं घरी वाचून गेलं की मग खरा प्रश्न विचारता येतो, काका, तुमच्या हातात किती पडतात? मग ते मोबाइल काढून आजच्या ट्रिपा दाखवतात, कमिशन किती कापलं, पिकअपला रिकामं किती जावं लागलं, आणि तिथून जे बोलणं सुरू होतं ते कुठल्या जीआरमध्ये सापडणार नाही.

बोलायला सगळ्यात चांगली जागा कुठली तर सीएनजीची लाइन. गाडी इंचाइंचानं सरकत असते, ॲप बंद असतं, माणूस मोकळा असतो आणि आपल्यामुळे त्याचं भाडं बुडत नाही. पण पंपाच्या आत मोबाइल-कॅमेरा चालत नाही म्हणजे जे काय रेकॉर्डिंग ते बाहेर रस्त्यावरच्या रांगेतच. असंच बाकीच्या जागांचं आहे. लोहगावचा विमानतळ एअर फोर्सचा, तिथे मनात आलं आणि शूट केलं असं होत नाही, स्टेशनच्या आवारात रेल्वेची परवानगी लागते, आणि मागच्या सीटवर पॅसेंजर असेल तर त्याला न विचारता त्याचं फोनवरचं बोलणं टिपणं आम्हाला पटत नाही. म्हणजे ड्रायव्हरचा दिवस जिथे जातो त्यातल्या बऱ्याच जागी कॅमेरा नेताच येत नाही. त्यामुळे आम्ही आधी फक्त आवाजाचा विचार करतोय, त्यांच्याच शब्दात दिवस सांगायचा, आणि गाडीतलं शूट करायचं तर ती गाडी आम्हीच भाड्यानं घ्यायची, ठरलेल्या दरानं पैसे देऊन. चालत्या गाडीत प्रश्न विचारायचे नाहीत, ट्रॅफिकमध्ये त्यांचं लक्ष रस्त्यावरच राहू दे, बोलणं गाडी बाजूला लावून. (कुणाला उपयोग होईल म्हणून सांगते, सीटबेल्ट उजव्या खांद्यावरून येतो, त्यामुळे कॉलर माइक डावीकडे लावायचा, नाहीतर पूर्ण वेळ घासल्याचा आवाज येतो, आणि एसी बंद ठेवायची तयारी पाहिजे.)

पैसे दिले की माणूस खरं बोलत नाही, आपल्याला हवं तेच बोलतो, असं आम्हाला बऱ्याच जणांनी सांगितलं, त्यात ज्यांचा मी मनापासून आदर करते असे लोकही आहेत. मला हे पटत नाही. आम्ही उत्तराचे पैसे देत नाही, थांबल्याचे देतो. किती वेळ आणि किती रुपये हे आधी ठरतं, ते गप्प बसले तरी तेवढेच, आमच्या फिल्मला न आवडणारं बोलले तरी तेवढेच. लाइट भाड्यानं आणतो त्याचे पैसे देतो, एडिटिंगच्या मशीनचे देतो, मग ज्याच्या आयुष्यावर मार्क मिळवणार त्यालाच तेवढं फुकट बोल म्हणायचं, हे कसं चालेल? ह्याच शहरात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत आणि रिक्षा पंचायत उभी केली, घामाला दाम मागायला शिकवलं. त्या पुण्यातल्या विद्यार्थ्यांना हे वेगळं सांगायला लागू नये.

आणि घाई न करण्याचा फायदा काय ते पण सांगते. स्टेशनवर एक वयस्कर काका आहेत, मुंबई लाइनला आयुष्य गेलं. पहिल्या काही भेटींमध्ये ते सीएनजीचा भाव आणि टोल ह्याच्या पलीकडे गेले नाहीत. मग एका दुपारी, वही पण मिटलेली होती, त्यांनी स्वतःहून एक्सप्रेसवे व्हायच्या आधीचा बोरघाट सांगायला घेतला, घाट चढताना गाडी तापायची, बाजूला घेऊन रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं, पॅसेंजर खाली उतरून पाय मोकळे करायचे, आणि शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकल्याशिवाय पुढे जायचं नाही. ज्या धनगरानं इंग्रजांना घाटातली वाट दाखवली असं म्हणतात त्याचं ते देऊळ, जुन्या रस्त्यावर. २००२ ला एक्सप्रेसवे पूर्ण झाला तेव्हापासून मुंबईच्या टॅक्सी सहसा तिकडून जात नाहीत. काका म्हणाले, आता वेळ वाचतो पण देव वाटेत लागत नाही. तेव्हा कॅमेरा नव्हता ह्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही, कॅमेरा असता तर ते टोलवरच बोलले असते.

दुसरी गोष्ट भीतीची. ॲपवाल्या कंपनीनं आयडी ब्लॉक केला, म्हणजे ड्रायव्हरचं ॲपवरचं खातंच बंद केलं, तर त्या दिवसापासून धंदा बंद, आणि हप्ता काही थांबत नाही. कंपनीबद्दल बोललेलं बाहेर गेलं तर काय, ही काळजी जवळजवळ प्रत्येकाला आहे, आणि त्यांना उगाच ‘काही होत नाही ओ’ म्हणणं चूक आहे कारण होऊ शकतं. म्हणून आमचा संमतीचा कागद मराठीत आहे, साध्या भाषेत, तो वाचून दाखवतो, नाव-चेहरा-नंबरप्लेट ह्यातलं काय दाखवायचं हे ते ठरवतात आणि फायनल एडिट लॉक होईपर्यंत कधीही ‘माझं काढा’ म्हणू शकतात. एका दादांनी घरी वहिनींना विचारून सांगतो म्हटलं आणि नंतर नको म्हणाले, तर नाही. एवढा सोपा विषय आहे.

कॉलेजवाल्यांना दोनच विनंत्या. सध्या बऱ्याच ठिकाणी विषय मंजूर झाल्यापासून ज्युरीपर्यंत, म्हणजे परीक्षक फिल्म तपासतात तोपर्यंत, जेमतेम काही आठवडे मिळतात, त्यात मुलं एक-दोन दिवसात स्टँडवर जाऊन दिसेल त्याच्यापुढे माइक धरतात. रिसर्चला वेगळं सेमिस्टर द्या, वेगळे मार्क द्या, कॅमेऱ्याशिवाय केलेलं काम तपासा. आणि बजेटच्या फॉर्ममध्ये ‘सहभागी व्यक्तीच्या वेळेचा मोबदला’ असा एक रकाना छापा. रक्कम छोटी असली तरी चालेल, पण रकाना असला की विद्यार्थ्याला विचार करावा लागेल.

एक विनंती वाचकांना पण आहे. फिल्म झाली की ती आधी ड्रायव्हर लोकांना दाखवायची असं आम्ही कबूल केलंय. रात्री त्यांची ड्युटी, संध्याकाळ धंद्याची, त्यामुळे दुपारी दोन ते चार हीच वेळ जमते, आणि गाड्या लावायला जागा पाहिजे नाहीतर पावती फाटेल. पुणे स्टेशनच्या आसपास कुणाचा असा हॉल असेल, दुपारी रिकामा असेल, तर कृपया संपादकांच्या कार्यालयात कळवावं, भाडं आम्ही देऊ.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी, पुणे