काकाजी, हे तोंडावर सांगता आलं नसतं

काकाजींना सप्रेम नमस्कार,

परवा एका कार्यक्रमात यशाचं श्रेय कुणाला, असं विचारलं. मी आईबाबांचं नाव घेतलं. ते खरंच आहे, पण अर्धंच. उरलेलं श्रेय तुमचं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत मी पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना टाकला, तेव्हा मशीन आणि ग्राहक सगळ्यांनी सुचवले. उधारीबद्दल बोललात तुम्ही एकटे. आयुष्यभर इतवारीच्या पेढीवर हिशेब लिहिलेला माणूस निवृत्तीनंतर अग्रसेन चौकातून मेट्रोत बसून लोकमान्य नगरला यायचा आणि माझ्या वह्या उघडायचा. पगार विचारला तर म्हणायचात, "चहा पाज अन् गप बस."

तुमचं पहिलं वाक्य होतं, "माल गेटाबाहेर गेला म्हणजे विक्री नाही होत वं पोरी. पैसा आला का विक्री."

एक मोठा ग्राहक चार महिन्यांच्या उधारीवर भरपूर माल घ्यायला तयार होता. मी खुशीत होते. तुम्ही कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे मांडलंत: खोकं ३० रुपयांचं, त्यात सुटतात २ रुपये. कागदाच्या गिरणीला पैसे आधी, तेही बँकेच्या सीसीतून, म्हणजे कॅश क्रेडिटच्या कर्जातून, १२ टक्क्यांनी. ३० रुपयांवर चार महिन्यांचं व्याज १ रुपया २० पैसे. पान माझ्याकडे सरकवून तुम्ही चहा प्यायला लागलात. हो म्हण की नको म्हण, एक शब्द नाही. मी ती ऑर्डर सोडली. ते पान अजून माझ्या खणात आहे.

वसुलीचा तुमचा फोन म्हणजे शिकवणीच होती. मालकाला कधीच नाही. आधी ग्राहकाच्या स्टोअरला: "भाऊ, आमची जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाली का?" मग अकाउंट्सला: "पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर जुळला ना?" बहुतेक बिलं कुणाच्या वाईट मनामुळे अडत नाहीत, माल मिळाल्याची नोंदच झालेली नसते, हे मला तुमच्यामुळे कळलं. तिथल्या कारकुनाच्या पोरीची बारावी कशी गेली, हेही तुम्हाला ठाऊक असायचं.

कायदाही तुम्हीच समजावलात. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानं ग्राहकाला पैसे द्यायला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आयकराचं ४३बी(एच) कलम आल्यावर उद्यम नंबर, म्हणजे आपल्या छोट्या उद्योगाचा सरकारी नोंदणी क्रमांक, बिलावर ठळक छापायला लावलात. मुदत उलटली आणि ३१ मार्चपर्यंतही पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च ग्राहकाला वजा मिळत नाही, म्हणून मार्चमध्ये त्यांचेच फोन यायला लागले! पण पैसे थकवणाऱ्या ग्राहकाविरुद्ध त्या एमएसएमई कायद्याखाली तक्रारीचा अर्ज मी भरायला घेतला, तेव्हा तुम्ही थांबवलंत. व्याज मिळेल, ग्राहक जाईल, असं तुमचं म्हणणं. यावर माझं मत आजही वेगळं आहे. नेहमी बुडवणाऱ्यावर अर्ज करायलाच हवा. वाद घालायला या.

लोकांना कसं सांभाळायचं, हे मात्र तुम्ही कधी शिकवायला बसला नाहीत. फक्त पोळ्याच्या आधी विचारायचात, "पगार झाले का?" गिरणीचे पैसे थकले तरी चालतील, असं कधी म्हणाला नाहीत, पण वानाडोंगरी-इसासनीहून सायकलीवर येणाऱ्या कामगारांचे आधी, हा क्रम ठरलेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीला, कारखाना चालू ठेवायचा विषय काढला तर हसायचात, "इतवारीत गर्दी कोण करणार मग?"

आणि पेस्टिंगवरच्या, म्हणजे खोक्याचे सांधे चिकटवणाऱ्या, दादांना मशीन बंद करण्याचा हक्क द्यायला लावलात. सांधा सुटतोय असं वाटलं तर मला न विचारता थांबवायचं. पहिल्यांदा त्यांनी थांबवलं, तेव्हा गाडी भरायची होती आणि मी चिडलेच होते. तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "बरं केलं." मग मलाही तेच म्हणावं लागलं.

आता नवीन अकाउंटंट मुलगी आली आहे. हुशार आहे, पण फोन थेट मालकालाच लावते. गुडघा बरा असेल तर पुढच्या आठवड्यात एक चक्कर मारा. चहा तयार आहे, पगार विचारणार नाही.

तुमची,
हिंगण्याची पोरगी