एसएमपीएसची कबुली

सिडको, नाशिक
११ मे

प्रिय बंड्या,

फोन सोडून पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी गडबड आहे, हे तू ओळखलंच असशील. काँप्युटर बंद पडायचा थांबला. कारण सापडलं, आणि ते तुझ्यापासून मीच लपवलं होतं.

गेम सुरू केला की पंधरा-वीस मिनिटांत स्क्रीन काळी आणि मशीन आपोआप रीस्टार्ट. निळी स्क्रीन नाही, काही नाही. विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, नुसतं कर्नल-पॉवर ४१, बगचेक कोड ०; म्हणजे मशीन अचानक बंद झालं, पण चूक कुठली त्याची नोंद नाही. तू तेव्हाच म्हणालास, "विंडोज कोसळत नाहीये, त्याची वीज जातेय. वीज पुरवणारा डबा, एसएमपीएस, मी दिलेल्या पार्टच्या यादीतलाच घेतलास ना?"

मी म्हणालो, हो.

नव्हता रे. कॅबिनेटबरोबर '४५० वॅट' लिहिलेला एसएमपीएस जवळजवळ फुकटात पडत होता. तू लिहिलेल्याचे ३,६०० रुपये वाचले आणि त्यातून तो लाइटवाला कीबोर्ड आला. व्हिडिओ कॉलवर तू ज्याचं कौतुक केलंस, तोच.

त्या एका 'हो'पायी तू तीन आठवडे पुण्याहून डोकं शिणवलंस. रात्रभर मेमटेस्टनं रॅम तपासली, चार फेऱ्या, एकही एरर नाही. एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वाढीव वेग, बंद करून पाहिलं, रॅमची एकेक स्टिक काढून पाहिली, सेफ मोडमध्ये जाऊन ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर मुळापासून उपटला, थर्मल पेस्ट नवी लावली. मग मी उन्हावर ढकललं. आमचा वरचा मजला, स्लॅब रात्री अकरापर्यंत भट्टीसारखा. कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून आईचा टेबल फॅन लावला. प्रोसेसर ७२ अंशांच्या वर गेला नाही, कार्ड ७० च्या आत, तरी मशीन पडायचं ते पडलंच. आई मात्र तीन रात्री घामाघूम.

मग तू गेमच्या फ्रेम सेकंदाला ६० वर बांधायला लावल्यास आणि मशीन तासभर टिकलं. कार्डाची पॉवर लिमिट २० टक्के उतरवली, तर पडलंच नाही. तू फोनवर खूश झालास. वीज कमी ओढली की मशीन टिकतं हे दिसलं आणि इकडे माझ्या पोटात गोळा.

रविवारी समोरच्या काकांना बोलावलं. सातपूर एमआयडीसीत त्यांची सगळी नोकरी मेंटेनन्समध्ये गेलेली. कपाळावरचा चष्मा खाली ओढून त्यांनी लेबल वाचलं. "४५० कुठले? १२ व्होल्टला २० अँपिअर, म्हणजे २४० झाले. बाकीचे ५ आणि ३.३ व्होल्टचे. ते तुझ्या कार्डाच्या काय कामाचे?" मी पाठकोऱ्या कागदावर बेरीज केली. आरएक्स ५८० कार्डाचे १८५ वॅट. रायझन ५ ३६०० प्रोसेसरच्या खोक्यावर ६५ असले तरी जोरात असताना तो ८८ पर्यंत ओढतो. झाले २७३, पंखे आणि डिस्क अजून धरलेच नाहीत!

शिवाय त्या एसएमपीएसला कार्डाला लागणारी आठ पिनांची वायरच नव्हती. दोन मोलेक्स (जुन्या चार पिनी वायरी) जोडून आठ पिनी करणारा कन्व्हर्टर मी लावला होता, तेही तुला सांगितलं नाही. काकांनी तो उपसला तर एक कोपरा पिवळा पडून मऊ झालेला. ते काही बोलले नाहीत. नुसता माझ्या नाकाजवळ धरला.

दुकानदार 'गेमिंगला आरामात पुरेल' म्हणाला होता खरा, पण तुझी यादी तेव्हा माझ्याच खिशात होती ना.

आता तुझाच ५५० वॅटचा बसवलाय, १२ व्होल्टवर ४५ अँपिअरचा. पॉवर लिमिट पुन्हा पूर्ण केली. काल सलग तीन तास खेळलो, एकदाही पडला नाही. जुना माळ्यावर टाकलाय. तो उघडायचा नाही अशी काकांची ताकीद आहे, प्लग काढला तरी आतला कपॅसिटर झटका देतो म्हणे.

शिव्या घालायच्या असतील तर रात्री दहानंतर फोन कर, तोवर आई झोपते. आणि हो, कीबोर्ड ग्राफिक्स कार्डावर फुकट आला असं तिला सांगितलंय. तेवढं सांभाळून घे.

तुझा,
गोट्या