अभ्यासिकेतल्या बाईंना

आदरणीय बाई,

तोंडावर आभार मानले तर तुम्ही ‘चल, काहीतरीच!’ म्हणून उडवून लावाल. म्हणून लिहितेय.

बारावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले. स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजीसाठी घरच्यांनी पोटाला चिमटा काढून क्लास लावून दिला. तिथे वाक्प्रचारांची यादी मिळायची. ‘टेक फ्लॅक’ म्हणजे टीका सहन करणे, पाठ करा, पुढचा घ्या. ‘सर, पण फ्लॅक म्हणजे काय?’ असं विचारलं तर ‘पेपरात एवढं खोलात विचारत नाहीत’ हे उत्तर, आणि मागून हशा. त्या हशाचा राग अजून गेलेला नाही. शिकवायचे पैसे घेणाऱ्याने प्रश्नाची अशी वासलात लावावी?

तोच प्रश्न तुम्हाला विचारला. तुमचा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेला, उत्तर तुम्हाला ठाऊकच होतं. तरी तुम्ही चष्मा लावलात, कपाटातला जाडजूड शब्दकोश काढलात आणि म्हणालात, ‘थांब, मलाही एकदा नीट बघू दे.’ बाई, माझ्या प्रश्नासाठी याआधी कुणी पुस्तक उघडलं नव्हतं. ते आठवलं की अजून डोळे भरून येतात.

मग तुम्ही मला थेट दुसऱ्या महायुद्धात नेलंत. जर्मन लोकांच्या विमानविरोधी तोफेच्या लांबलचक नावातली अक्षरं उचलून ‘फ्लॅक’ हा शब्द झाला. तोफगोळे आकाशात फुटायचे, पोलादाचे तुकडे चहूकडे उडायचे. आणि नेम साधायचा तर बॉम्बफेकी विमानाला त्यातूनच सरळ रेषेत जावं लागायचं, वळायची सोय नाही. अमेरिकी वैमानिक अंगात घालायचे ते ‘फ्लॅक जॅकेट’. टीकेचा अर्थ नंतर आला, 1960च्या दशकात. हे कळल्यावर पाठ करायला उरलंच काय? चहूबाजूंनी मारा होतो तेव्हाच हा शब्द वापरायचा, एकट्यादुकट्याच्या टोमण्याला नाही, हे मला आपोआप उमगलं.

वापरही तुम्हीच पक्का करून घेतलात. ‘अ फ्लॅक’ नाही, ‘फ्लॅक्स’ तर नाहीच. कशाबद्दल टीका झाली ते ‘फॉर’ किंवा ‘ओव्हर’ लावून सांगायचं, कुणाकडून झाली ते ‘फ्रॉम’ लावून. आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांत कुठल्याशा निर्णयाने ‘ड्रॉज फ्लॅक’ असा मथळा हमखास सापडतो. आता तो दिसला की मी आधी ‘ओव्हर’ शोधते.

विद्वान पुष्कळ भेटतात, बाई. विचारणाऱ्याला खाली मान घालायला न लावता सांगणारी माणसं फार थोडी. अशा माणसांचा कुठे सत्कार होत नाही, पण आमच्यासारख्या मुली त्यांच्याच जिवावर अभ्यासाला टिकून राहतात.

‘रन द गॉन्टलेट’ अडलाय. क्लासच्या यादीत त्याच्यापुढेही ‘टीका सहन करणे’ एवढंच लिहिलंय. सोमवारी येते.

तुमची,
खिडकीजवळ बसणारी विद्यार्थिनी