मसाज कोणता घ्यावा, याबद्दल

पुणे, रविवार

प्रिय सुहास,
स. न.

वहिनींनी दिलेलं ९० मिनिटांचं कूपन आणि यादीतली डझनभर नावं, त्यातलं नेमकं काय घेऊ, काका-काकूंना काय चालेल, असं विचारतोस. नावं क्षणभर बाजूला ठेव. नुसता शिणवटा असेल तर हलक्या हाताचा स्वीडिश मसाज पुरतो, पण तुझं तसं नाही. दिवसभर लॅपटॉप, उजवा खांदा वर ओढलेला, मान वळवताना कळ. दुखणं एका जागी आहे, तेव्हा डीप टिश्यूच, म्हणजे खोल दाबाचा मसाज घे, आणि तोही सगळ्या अंगाला नको. डोक्यापासून पायापर्यंत करायचं म्हटलं की मानेच्या वाट्याला जेमतेम १०-१५ मिनिटं येतात. आत गेल्या गेल्या सांग: "पाय, पोट राहू दे. मान, खांदे आणि पाठीचा वरचा भाग."

पहिली १० मिनिटं तळहाताने लांब, सावकाश हात फिरले पाहिजेत. स्नायू ऊबदार व्हायच्या आत कोपर टेकवलं तर तो सैल पडायच्या ऐवजी आणखी आखडतो. मान जिथे खांद्याला मिळते तिथे चाचपलंस तर वाटाण्याएवढी गाठ लागेल. तिच्यावर अंगठा ठेवून २०-३० सेकंद स्थिर दाब द्यायचा; रगडायचं नाही. छातीच्या वरच्या भागालाही, हासळीच्या हाडाखाली, हात लावायला सांग. खांदे पुढे ओढणारे स्नायू तिथे असतात. नुसती पाठ चोळली तर दोन दिवसांत पुन्हा तेच.

दुखण्याला १० पैकी गुण दे. ६ च्या वर गेलं, किंवा तू श्वास रोखून धरलास, की "दाब कमी करा" म्हण. संकोच करू नकोस रे, त्यांना बाहेरून कळत नाही. दुसऱ्या दिवशी अंग ठणकलं तर चालेल. हाताला मुंग्या आल्या किंवा बधिरपणा आला, तर मसाज थांबवून डॉक्टर गाठ.

थाई मसाज तेलाशिवाय, अंगावर कपडे ठेवून, गादीवर करतात. त्यात ताणणं फार. मणक्याची गादी सरकलेल्याने त्या वाटेला जाऊ नये.

काकांना मात्र गरम दगडांचा मसाज मुळीच देऊ नकोस. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल तर चटका बसल्याचं कळतच नाही, आणि ती जखम लवकर भरत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर खोल दाबही नको. एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी दिसली तर ती कोणालाही चोळू देऊ नका, आधी डॉक्टर. आतली रक्ताची गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकते.

काकूंची त्वचा कोरडी आहे, त्यांना अभ्यंग सुचव. दिवाळीच्या पहाटेचंच ते, कोमट तिळाचं तेल, फक्त घाई नसलेलं. तेल आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायला सांग.

जेवणानंतर निदान दीड तासाने जा. काकांच्या गोळ्यांची नावं मला कळव.

तुझा,
मकरंद