भुलेचे औषध रुग्णाची प्रकृती पाहून देता यावे: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई
यांस,

सादर नमस्कार.

सरकारी दवाखान्यात औषधे मिळत नाहीत, ही तक्रार आपल्याकडे रोजच येत असेल. मी त्यातल्या अशा एका औषधगटाबद्दल लिहिते आहे, ज्याची तक्रार रुग्ण कधीच करत नाही, कारण ते औषध दिले की तो शुद्धीवर नसतो. शस्त्रक्रियेआधी शिरेतून दिली जाणारी भुलेची औषधे. मी जिल्हा पातळीवर सरकारी सेवेत भूलतज्ज्ञ आहे. माझे म्हणणे इतकेच, की कोणते औषध द्यायचे हे आज बरेचदा भांडारातल्या शिलकीवर ठरते आणि त्याची किंमत रुग्णाची मूत्रपिंडे, फुप्फुसे, हृदय मोजतात.

मागणीपत्रकात ही सगळी औषधे एकाच गटात बसतात. प्रोपोफॉल संपले तर केटामाइन वापरा, तेही नसेल तर थायोपेंटोन आहेच, असा हिशेब चालतो. झोप यातल्या कोणत्याही औषधाने लागते हे खरेच आहे. पण झोप लागत असताना रक्तदाबाचे काय होते, पांढऱ्या पेशी कशा वागतात, मूत्रपिंडांवर असणारी अधिवृक्क ग्रंथी काम करते की थांबते, हे प्रत्येक औषधागणिक वेगळे असते.

शस्त्रक्रिया ही शरीराच्या लेखी जखमच. फुटलेल्या पेशींतले तुकडे रक्तात उतरतात, पांढऱ्या पेशी जाग्या होतात आणि इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा यांसारखी दाह (इन्फ्लमेशन) वाढवणारी रसायने काही तासांत चढतात. एवढा दाह हवाच, त्याशिवाय जखम भरत नाही. पण ज्याच्या पोटात आधीच पू पसरला आहे किंवा अपघातात ज्याचे रक्त वाहून गेले आहे, त्याच्यात हाच दाह हाताबाहेर जातो. केशवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडांना रक्त पुरत नाही, फुप्फुसांत पाणी भरते. 'ऑपरेशन चांगले झाले होते हो, तिसऱ्या दिवशी लघवीच बंद झाली,' असे नातेवाईक सांगतात, त्यामागे बहुतेकदा हीच साखळी असते.

या साखळीत भुलेच्या औषधाचा हात किती असू शकतो, हे वैद्यकाला एटोमिडेट या भुलेच्या औषधाने शिकवले. १९८३ साली ग्लासगोतल्या लेडिंगहॅम आणि वॅट या दोन डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटे पत्र छापले. अतिदक्षता विभागातल्या गंभीर जखमी रुग्णांना झोपवून ठेवण्यासाठी एटोमिडेट सतत चालू ठेवले, तर मृत्यू वाढत होते. कारण नंतर उलगडले. अधिवृक्क ग्रंथीत कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार करणारे एक विकर (एन्झाइम) हे औषध अडवते, आणि शरीर स्वतःचा दाह आवरते ते कॉर्टिसॉलच्याच जोरावर. तेव्हापासून एटोमिडेट सतत चालू ठेवणे बंद झाले. एकच मात्रा मात्र आजही दिली जाते, कारण तिने रक्तदाब फारसा घसरत नाही. त्या एका मात्रेनेही ग्रंथी दिवसभर मंदावते. फ्रान्समध्ये ६५५ रुग्णांवर एटोमिडेट आणि केटामाइन यांची झालेली तुलना २००९ साली प्रसिद्ध झाली. ग्रंथी मंदावणे एटोमिडेटच्या गटात कितीतरी जास्त आढळले, पण अवयव निकामी होण्यात दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही.

प्रोपोफॉलची गोष्ट निराळी. १९८६ पासून वापरात आलेले हे दुधासारखे पांढरे औषध आज जगभर सर्वाधिक वापरले जाते. त्याच्या रेणूची ठेवण ई जीवनसत्त्वाशी मिळतीजुळती आहे. प्रयोगशाळेत ते ऑक्सिडीकरणाने होणारी इजा कमी करते आणि दाहाची रसायने उतरवते. पण तेच जास्त मात्रेत, दिवसेंदिवस चालू राहिले तर रक्त आम्लधर्मी होते, स्नायू विरघळू लागतात, हृदय आणि मूत्रपिंडे बंद पडतात. १९९२ मध्ये ब्रिटनमधून अशा पाच मुलांच्या मृत्यूंची नोंद प्रसिद्ध झाली. म्हणूनच अतिदक्षता विभागात वजनाच्या किलोमागे तासाला ४ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये असे सांगतात. ही मर्यादा पाळायला सिरिंज पंप, म्हणजे ठरलेल्या वेगाने औषध सोडणारे यंत्र, लागतो. पंप नसला की सिस्टर सलाइनच्या थेंबांवरून अंदाज बांधतात, आणि अंदाजाने ४ मिलिग्रॅम मोजता येत नाही.

केटामाइन सत्तरच्या दशकापासून वापरात आहे. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी १९९८ साली दाखवले, की हृदय-फुप्फुस यंत्रावर होणाऱ्या शस्त्रक्रियेत अगदी लहान मात्रा दिली तरी इंटरल्यूकिन-६ कमी चढते. आमच्यासाठी त्याचा खरा गुण मात्र रोजच्या कामातला आहे. ते सहसा रक्तदाब टिकवते, वेदना मारते आणि योग्य मात्रेत श्वास चालू ठेवते. ज्या रुग्णाची शक्ती पार संपली आहे त्याचा दाब केटामाइननेही पडू शकतो, हेही मी पाहिले आहे.

आता हे सगळे वाचून कोणी आपल्याकडे 'अवयव वाचवणारी भूल' म्हणून महागड्या औषधाचा प्रस्ताव आणला, तर कृपया लगेच सही करू नका. दाहाची रसायने कमी होणे आणि माणूस वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ साली १३ देशांतल्या ५,४०० बायपास रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना वायुरूप भूल, निम्म्यांना फक्त शिरेतून. वर्षभरात दोन्हीकडे सुमारे ३ टक्के मृत्यू, फरक नाही. त्याच वर्षी अतिदक्षता विभागातल्या सुमारे ४,००० रुग्णांवरची डेक्समेडेटोमिडिनची चाचणी प्रसिद्ध झाली. हे शांत झोप देणारे चांगले औषध आहे, लहान अभ्यासांत ते मूत्रपिंडे वाचवते असेही दिसले होते. पण या मोठ्या चाचणीत ९० दिवसांतले मृत्यू नेहमीच्या औषधांइतकेच निघाले. प्रयोगशाळेतले आश्वासन मोठ्या चाचणीत विरते, हे आमच्या शास्त्रात वारंवार घडले आहे आणि आपल्या खरेदी समितीने ते ध्यानात ठेवावे.

मग औषधाच्या निवडीला महत्त्व उरते कुठे? जिथे रुग्ण आधीच काठावर आहे तिथे. भूल चढतानाच्या पहिल्या काही मिनिटांत सरासरी रक्तदाब ६५ च्या खाली गेला आणि तिथे राहिला, की मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका वाढतो. धडधाकट माणसाला दिलेली प्रोपोफॉलची पुरी मात्रा अशा रुग्णाचा दाब क्षणात खाली आणते.

गेल्या ऊस हंगामात एका रात्री एक तोडणी कामगार आला. बरेच दिवस पोट दुखत होते. तोड बुडू नये म्हणून तो किराणा दुकानातल्या वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढत होता. जठराला छिद्र पडलेले, पोट फळीसारखे कडक, वरचा रक्तदाब ८०, लघवीच्या पिशवीत तळाशी गर्द पिवळा थर. मला केटामाइन हवे होते. कुलूपबंद कपाटाच्या रजिस्टरवर शिल्लक शून्य होती. एटोमिडेट आमच्याकडे कधी आलेच नव्हते. ट्रेमध्ये प्रोपोफॉलची एक कुपी होती. मी एकेक मिलिलिटर देत, मधे थांबत, त्याच्या डोळ्यांकडे आणि मॉनिटरकडे पाहत राहिले. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन हे रक्तदाब चढवणारे औषध होते, ते द्यायला पंप नव्हता. सिस्टर सलाइनचे चाक बोटाने फिरवून थेंब कमीजास्त करत होत्या. दाब पडला, चढला, परत पडला. शल्यचिकित्सकांनी छिद्र बंद केले आणि तो वाचला, पण डायलिसिससाठी त्याला वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे लागले. मूत्रपिंडे गोळ्यांनी बिघडली, पोटातल्या पूमुळे बिघडली की टेबलावरच्या त्या पडत्या दाबाने, हे कोणीच सांगू शकणार नाही. त्यातली एक शक्यता तरी आपल्याला टाळता आली असती.

केटामाइन का नसते, याचे कारण आपल्या हाताबाहेरचे नाही. डिसेंबर २०१३ मध्ये केंद्राने त्याला परिशिष्ट एक्समध्ये, म्हणजे औषध नियमांतल्या कडक नियंत्रणाच्या यादीत, टाकले. वेगळा परवाना, कुलूपबंद साठा, दोन प्रतींत चिठ्ठी, काटेकोर हिशेब. नशेसाठी त्याचा गैरवापर होतो, तेव्हा बंधन हवेच. पण नोंदींची आणि चौकशीची धास्ती घेऊन लहान रुग्णालये ते मागवायचेच सोडून देतात. हे औषध १९८५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहे. आपल्या खात्याने उपजिल्हा रुग्णालयांपर्यंत एकच सोपी नोंदपद्धत आणि किमान साठ्याची अट घालून दिली, तर कोणताही कायदा न बदलता हा प्रश्न सुटू शकतो.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. प्रोपोफॉल सोयाबीन तेल आणि अंड्यातल्या लेसिथिनमध्ये घोळवलेले असते, त्यामुळे त्यात जंतू झपाट्याने वाढतात. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या तपासात सात रुग्णालयांतल्या शस्त्रक्रियेनंतरच्या संसर्गांचा माग या औषधाच्या निष्काळजी हाताळणीपर्यंत लागला होता. आपल्याकडे मोठ्या कुपीतले अर्धे औषध उरते. टाकून द्यायला जीव होत नाही, कारण पुढचा पुरवठा कधी येईल याची खात्री नसते. मग झाकणात सुई तशीच ठेवून कुपी पुढच्या रुग्णासाठी बाजूला ठेवली जाते. दाह कमी करणारे म्हणून ज्याचा गौरव होतो, ते औषध अशा कुपीतून रक्तात थेट जंतू सोडू शकते. हे करणाऱ्या परिचारिकेवर नोटीस काढून काही होणार नाही. १० मिलिलिटरच्या लहान कुपी घ्या आणि पुरवठा नियमित करा, मग उरलेले टाकून द्यायला कोणाचा हात अडखळणार नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. जिथे रात्री पोट उघडले जाते त्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात प्रोपोफॉल आणि केटामाइन दोन्ही कायम असावीत, जिल्हा रुग्णालयात एटोमिडेटही असावे, आणि शस्त्रक्रियागृहात चालू स्थितीतले दोन सिरिंज पंप असावेत. पंप बिघडला तर दुरुस्तीचा करार कोणाकडे आहे हे त्यावर चिकटवलेले असावे. महाग औषधांचा विचार त्यानंतर.

शिवाय मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर ४८ तासांच्या आत प्रत्येक रुग्णाच्या रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम बिघडले की वाढणारा घटक) तपासले जावे. ते डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने वाढले तरी मूत्रपिंडाला इजा झाली असे जगभर मानतात. तपासणी स्वस्त आहे आणि आपल्या प्रयोगशाळांत होते. आज ती बहुतेकदा लघवी बंद झाल्यावर पाठवली जाते. भुलेच्या कागदावर औषधाचे नाव, मात्रा आणि सर्वात कमी रक्तदाब आम्ही लिहितोच. त्याच कागदावर या दोन आकड्यांसाठी रकाना करा आणि तो कागद केसपेपरबरोबर गठ्ठ्यात न जाता दर महिन्याला जिल्हा शल्यचिकित्सकांच्या टेबलावर जाईल असा आदेश काढा. कोणत्या रुग्णालयात, कोणत्या औषधाने, किती दाब पडल्यावर मूत्रपिंडे बिघडतात, हे वर्षभरात आपल्याच माणसांच्या आकड्यांतून दिसू लागेल. या रकान्याचा नमुना मी तयार केला आहे. आपल्या कार्यालयाने कळवल्यास तो घेऊन मी मंत्रालयात यायला तयार आहे.

आपली नम्र,
सरकारी सेवेतील एक भूलतज्ज्ञ