दाराबाहेरचा आपला माणूस

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

उठून चालू लागलेल्या प्रेतांच्या, म्हणजे झोंबींच्या, कथा आवडणे हा निव्वळ पोरकटपणा आहे आणि त्या पाहायच्याच असतील तर निदान विनोदी तरी असाव्यात, असे मत आपल्या रविवार पुरवणीतील एका लेखात मांडले आहे. यातील पहिल्या विधानाशी माझे भांडण नाही. साठी उलटलेल्या माणसाला पोरकट म्हटले तर त्याला बरेच वाटते. दुसऱ्या विधानाशी मात्र मी मुळीच सहमत नाही. मी वीज खात्यात ३४ वर्षे लाइनमन म्हणून काम करून निवृत्त झालो आणि आता दापोली तालुक्यात मूळ घरी राहतो. या कथा घाबरवत नसतील तर त्यांत काही उरत नाही, हे मला जसे कळले तसे लिहीत आहे.

आधी नावाविषयी. मराठीत झोंबी म्हणजे कुस्ती, आणि मिरचीही झोंबते. त्यामुळे घरातल्या मुलांच्या तोंडी हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा गोष्ट मल्लांची असावी असेच मी धरून चाललो होतो.

कोकणात भुतांची वानवा नाही. गिऱ्हा पाण्यापाशी असतो, मुंजा पिंपळावर, आणि चकवा लागतो तो तिन्हीसांजेनंतर ओळखीच्याच वाटेवर. प्रत्येकाची जागा ठरलेली, वेळ ठरलेली आणि मुख्य म्हणजे मागणे ठरलेले. नारळ द्यावा, गाऱ्हाणे घालावे, देवाला कौल लावावा, म्हणजे काही ना काही तोड निघते. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा पाहा. वेताळ म्हणजे भुतांचा अधिपती. पण गावाने त्यालाच राखणदार केले आहे. तो रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो म्हणून भक्त त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात, आणि त्या फिरण्याने झिजतात अशी श्रद्धा आहे. ज्याला भ्यायचे त्याच्याच पायांत वहाणा घालून त्याला पहाऱ्यावर नेमायचे, इतकी आमची तडजोड जुनी आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या पुस्तकांवर माझी पिढी वाढली आणि त्यांनी आम्हाला चांगलेच घाबरवले. तरीही मी वाचलेल्या बहुतेक मराठी भयकथांत संकट एका माणसावर किंवा एका घरावर येते आणि सकाळची एसटी वेळेवर सुटते.

झोंबीशी तडजोड होत नाही, कारण त्याला काही हवे आहे असे म्हणण्याइतकेही मन त्याच्यापाशी उरलेले नसते. मुळात तो असा नव्हता. ही कल्पना हैतीची. तेथे फ्रेंचांच्या ऊसमळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबवले गेले, आणि त्यांच्या वंशजांच्या लोकसमजुतीत मांत्रिक प्रेताला उठवून कामाला जुंपतो. मरणानेही राबणुकीतून सुटका होत नाही, हे त्यातले भय होते. पण त्या प्रेताला निदान धनी होता. १९६८ साली जॉर्ज रोमेरो यांनी ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या अल्पखर्ची कृष्णधवल चित्रपटात तो धनीच काढून टाकला. (त्या चित्रपटात झोंबी हा शब्द एकदाही येत नाही, ही त्यातली गंमत.) प्रेते उठतात, ती कोणाच्या हुकमाने नव्हे, आणि सावकाश चालत येतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पडद्यावर ती धावूही लागली आहेत. पण मला अजूनही सावकाश चालणारीच अधिक भयंकर वाटतात. उधाणाचे पाणी बागेत शिरताना ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. पाण्याला घाई नसते आणि रागही नसतो.

एका आडगावच्या घरात काही माणसे दारे-खिडक्यांना फळ्या ठोकून रात्र काढतात, एवढेच त्या चित्रपटाचे कथानक. तळघरात एका जोडप्याची आजारी मुलगी झोपलेली असते. ती मरते, उठते आणि आपल्या आईवडिलांवरच उलटते. नायक रात्रभर झुंजून एकटा जिवंत राहतो, आणि सकाळी सुटकेसाठी आलेली माणसेच त्याला प्रेत समजून गोळी घालतात. प्रेक्षकाला दिलासा म्हणून काहीही दिलेले नाही. सडक्या मांसाचे दर्शन तर आज कोणत्याही खेळात मिळते. माझ्या मते ओढ लागते ती या दिलासा नाकारण्याने, कारण दाराबाहेर आपला माणूस उभा असताना आपण दार उघडू का, या प्रश्नातून सुटायला वाट ठेवलेली नसते.

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापुरते मे २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, मिळाले होते. गावाच्या तोंडाशी बांबू आडवे घातले होते, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना १४ दिवस शाळेत ठेवायचे ठरले होते, आणि त्या ठरावाला मीही हात वर केला होता. माझा सख्खा चुलतभाऊ मुलीला घेऊन आला. मी रोज दुपारी भाताचा डबा शाळेच्या गडग्यावर ठेवून मागे फिरत असे. तो खिडकीतून हात हलवी, मीही हलवीत असे. पण गडगा ओलांडून मी एकदाही आत गेलो नाही. हा नियम योग्य होता असे मला आजही वाटते. तरीही तो गडगा मी विसरलेलो नाही.

ते दोघे घरी आले आणि थोड्याच दिवसांत, ३ जून रोजी, निसर्ग चक्रीवादळ आले. सुपारीच्या बागा कापून काढल्यासारख्या आडव्या झाल्या आणि आमच्या वाडीत २४ दिवस वीज नव्हती. सगळे बंद कसकसे पडत जाते, हे धंद्यामुळे मला बारकाईने ठाऊक आहे. आधी पंप थांबतो आणि टाकीतले पाणी संपते. मग मोबाइलच्या टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात. मग बर्फ मिळेनासा होतो आणि मासळी फेकावी लागते. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी माणसे एकमेकांच्या घरातले रॉकेल मोजू लागतात. कथालेखकाने ही साखळी नेमकी पकडली की प्रेत पानावर येण्याआधीच माझ्या अंगावर काटा येतो. ती चुकवली, म्हणजे शहर पडून महिना झाला तरी घरोघरी दिवे जळत राहिले, की मी पुस्तक मिटतो.

त्या काळोखात, कंदील मधे ठेवून, पुतणीने आम्हाला ‘ट्रेन टू बुसान’ या २०१६ सालच्या कोरियन चित्रपटाची गोष्ट चार रात्री पुरवून पुरवून सांगितली. सेऊलहून निघालेल्या गाडीत लागण पसरते. एक बाप आपल्या लहान मुलीला वाचवू पाहतो. तिसऱ्या रात्री ती त्या प्रसंगापाशी आली, ज्यात काही माणसे झोंबींनी भरलेले डबे पार करून जीव मुठीत धरून येतात आणि पुढच्या डब्यातले धडधाकट प्रवासी आतून दार धरून ठेवतात. नंतर त्याच डब्यातली एक म्हातारी, काचेपलीकडे प्रेत झालेल्या आपल्या बहिणीकडे पाहून, तेच दार स्वतःच्या हाताने उघडते. पडवीत कोणी बोलले नाही. पुतणी माझ्याकडे पाहत नव्हती. चुलतभाऊ उठून कंदिलाची वात सारखी करू लागला, वास्तविक ती सारखीच होती. आम्हा दोघा भावांत शाळेचा विषय तोवर निघाला नव्हता. त्या रात्री प्रथम निघाला, आणि तो एका परक्या देशातल्या गाडीच्या दारातून निघाला. हा प्रसंग विनोदी असता तर आम्ही हसलो असतो आणि झोपायला गेलो असतो.

आपल्याकडे हा प्रकार आला तो बहुतेक हसतच. ‘झोंबिवली’ हा २०२२ सालचा मराठी चित्रपट डोंबिवलीचा पाणीप्रश्न हाताशी घेतो आणि मला तो आवडलाही. पण त्यात मला भीती वाटली नाही. मराठीत गंभीर, निर्दय अशी झोंबीकथा लिहायला सामग्री कमी आहे असे नाही. नोकरीत मालवण तालुक्यात असताना मी आचऱ्याची गावपळण पाहिली आहे. रामेश्वराचा कौल घेऊन अख्खा गाव गुरे, कुत्री, कोंबड्यांसह वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस, तीन रात्री गावात कोणी राहत नाही. बाहेर राहुट्यांतून भजने रंगलेली असतात, आणि वेशीपलीकडे कोंबडासुद्धा आरवत नाही. ती शांतता सोसवते, कारण चौथ्या दिवशी परत जायचे असते. परत जाण्याचा कौल मिळालाच नाही तर काय, एवढा एकच बदल एखाद्या लेखकाने करून पाहावा.

आपण दिवाळी अंक काढता. त्यात अशा एका दीर्घकथेला जागा द्यावी, आणि ती कथा संपादकीय दयेने सौम्य करू नये, अशी विनंती आहे. लेखकाला माझा एवढाच निरोप द्यावा की, शेवटच्या पानावर वीज आणू नये. ती आणायला किती माणसे आणि किती दिवस लागतात, हे मला ठाऊक आहे.

आपला,
एक निवृत्त लाइनमन
(ता. दापोली, जि. रत्नागिरी)