एकदाच वापरायची उपकरणे : लपवाछपवी नको, नोंद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घोडबंदर रस्त्यावरील एका खासगी रुग्णालयात गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीची पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. बिलात ट्रोकारची, म्हणजे पोटात दुर्बीण व हत्यारे घालण्यासाठीच्या टोकदार नळीची, पूर्ण किंमत लावली होती. मात्र त्याच्या पाकिटावरचे लॉट क्रमांकाचे स्टिकर केसपेपरला नव्हते आणि पाकीटही कोणाला दाखवता आले नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये ३१ वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यामुळे याचा अर्थ ते आधी वापरलेले असू शकते, हे मला लगेच उमगले.

'एकदाच वापरा' असे छापलेले महागडे उपकरण पुन्हा वापरणे हा मुळातच गुन्हा आहे, असे मी मानत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००० सालीच स्पष्ट केले की, असे उपकरण पुन्हा वापरण्याजोगे करणाऱ्याला, मग ते रुग्णालय का असेना, मूळ उत्पादकाचेच नियम लागू होतील. आपल्याकडे खरी भीती आहे ती गुपचूप होणाऱ्या पुनर्वापराची.

कारण सारे अवलंबून असते ते धुण्यावर. रक्त वाळण्याआधी एन्झाइमच्या द्रावणात भिजवून, नळीच्या आतून ब्रश फिरवून, भिंगाखाली तपासल्याशिवाय पुढचे निर्जंतुकीकरण व्यर्थ ठरते. बरेचसे प्लास्टिक ऑटोक्लेव्हची (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची) १२१ अंशांची वाफ सोसत नाही, म्हणून इथिलीन ऑक्साइड वायू वापरावा लागतो. तो विषारी असल्याने नंतर कित्येक तास हवा खेळवून काढून टाकावा लागतो. घाईच्या दिवशी ट्रे ग्लुटारल्डिहाइड या जंतुनाशकात २० मिनिटे बुडवून 'झाले' म्हणणारे मी पाहिले आहेत. त्या २ टक्के द्रावणात जिवाणूंचे बीजाणू (त्यांचे सर्वांत चिवट रूप) मरायला १० तास लागतात! हिपॅटायटिस बीचा विषाणू तर वाळलेल्या रक्तातही किमान ७ दिवस तग धरतो. सुया आणि सिरिंज यांच्या पुनर्वापराचा तर विचारही करू नये.

म्हणून ठाणे महापालिकेच्या आरोग्य विभागाने शुश्रूषागृहांच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना निर्जंतुकीकरणाची नोंदवही आणि बीजाणू चाचणीचे (यंत्रात बीजाणू खरोखर मरतात का, या तपासणीचे) निकाल तपासावेत. उपकरण कितव्यांदा वापरले जात आहे, हे केसपेपरवर लिहावे, रुग्णाची मराठीत लेखी संमती घ्यावी आणि पुनर्वापराच्या उपकरणाला नव्याची किंमत लावू नये.

बहिणीच्या शस्त्रक्रियेच्या दिवशीच्या नोंदीची प्रत मी त्या रुग्णालयाकडे लेखी मागितली आहे. अद्याप उत्तर आलेले नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
नौपाडा, ठाणे (प.)